‘बाबांचं लक्षच नसतं’

‘सांगितलेलं काही बाबांच्या लक्षात राहत नाही. डिमेन्शिया तर नसेल?’ मुला-सुनांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते.

एसटीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक कंडक्टर सुनेबरोबर आले होते. विचारलं त्यांना, की उत्तर सून द्यायची. माझा कल माणसाकडे त्याच्या घरासकट बघण्याचा, म्हणून मी दोघांना समोरासमोर बसवायची. ‘ऐकू येतं ना?’ ‘येतं की!’

एका भेटीत पाणी ओतताना पाठमोरीच विचारलं, ‘नातवंडं किती तुम्हाला?’

‘हो, हो,’ ते हसून म्हणाले.

सून चमकली. मी समोर बसून सावकाश तेच विचारलं.

‘दोन.’ मग बराच वेळ गप्प. ‘मॅडम, आवाज येतो, शब्द लागत नाहीत. सगळे हसले की मीही हसतो.’

सुनेचे डोळे भरून आले. ‘मला वाटायचं, मुद्दाम करतात.’

मुद्दाम नव्हतं आणि ‘येतं की’ हे खोटंही नव्हतं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ निसटतात, स्वर पोचत राहतात. म्हणून ‘लग्नात, चार माणसांत बोलणं कळतं का?’ असं विचारावं, आणि घरच्यांनाही विचारावं. विसरण्याची तक्रार घेऊन आलेल्याचा कान मी आधी तपासून घ्यायला लावते. प्रश्नच नीट ऐकू आला नाही, तर स्मरणशक्तीच्या चाचणीला अर्थ काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं. तरीही बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला दवाखान्यात जाणाऱ्या या गृहस्थांना कानाचं कुणी विचारलं नव्हतं. मी डॉक्टरांना चिठ्ठी दिली: मळ आहे का पाहावं; मागे हातभर अंतरावर उभं राहून, एकेक कान झाकून, आकडे-अक्षरं कुजबुजावीत आणि ती त्यांना परत म्हणायला लावावीत; अडखळले तर ऑडिओमेट्रीला, म्हणजे यंत्रावर ऐकण्याच्या तपासणीला, पाठवावं. कुजबुजीच्या या चाचणीला कुठलंच यंत्र लागत नाही.

मळ निघाला, तरी दोन्ही कानांत मध्यम दोष आढळला. कानाचं यंत्र बसलं. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही सोसवेना. रोज थोडा थोडा वेळ लावत सवय झाली. स्मरणशक्तीची चाचणी त्यानंतर घेतली, ती ठीक आली.

एक मात्र लक्षात ठेवा. ऐकू येणं अचानक गेलं, एकाच कानाने कमी झालं, कान वाहतो किंवा गरगरतं, तर थांबू नका, थेट कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. बाकीच्यांनी चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी तपासणीची तारीख ठरवावी आणि बरोबर घरातलं कुणीतरी जावं. खिशात राहिलेल्या चिठ्ठ्या मी फार पाहिल्यात.