टेल लॅम्पचा फ्यूज परत परत उडतोय: स्विच बदलण्याआधी शॉर्ट शोधा

तुमच्या प्रश्नातली लक्षणं आधी एका जागी ठेवू. दहा वर्षं जुनी हॅचबॅक, मागे साधे बल्ब. दिवे लावल्यावर दोन्ही टेल लॅम्प लागत नाहीत. हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर मात्र व्यवस्थित. नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमागचा उजेडही गेलाय. नवे बल्ब टाकून फरक पडला नाही. 10 अँपिअरचा फ्यूज बदलल्यावर दोन दिवस सगळं चाललं आणि तो पुन्हा उडाला. गॅरेजमध्ये कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळची दिव्यांची दांडी) बदलायला सांगितलाय, आणि तोवर 20 चा फ्यूज टाकून चालेल का असं तुम्ही विचारताय.

20 चा फ्यूज अजिबात टाकू नका. या लाइनवर किती भार आहे ते पाहा: मागचे दोन 5 वॅटचे, पुढचे पार्किंगचे दोन 5 वॅटचे, प्लेटचे दोन 5 वॅटचे, मिळून 30 वॅट. 12 व्होल्टला हे अडीच अँपिअर झाले. मीटर, स्टिरिओ, एसीच्या बटणांमागचे बारीक दिवे धरले तरी साडेतीनच्या वर क्वचितच जातं. म्हणजे 10 चा फ्यूज अडीच-तीन पट मोकळीक ठेवून दिलेला आहे. तो उडतो याचा अर्थ कुठेतरी वायर थेट बॉडीला लागतेय, म्हणजे शॉर्ट होतोय. या लाइनची वायर बारीक असते. 20 चा फ्यूज टिकला, तर त्याच्याऐवजी गालिच्याखालची वायर तापेल, आणि ती एकटी जात नाही, पूर्ण जुडगा वितळवते.

आता स्विचबद्दल. नवा फ्यूज टाकल्यावर दोन दिवस दिवे लागले ना? मग स्विच आणि रिले (स्विचच्या इशाऱ्यावर करंट जोडणारी डबी) करंट पुढे देताहेत. स्विच खराब होतो तेव्हा आतल्या पट्ट्या कार्बन धरतात किंवा जळतात. मग दिवे लागत नाहीत, लुकलुकतात, दांडी हलवल्यावर लागतात. फ्यूज मात्र शाबूत राहतो. स्विचच्या आतच शॉर्ट होणं फार दुर्मीळ. तेव्हा हा खर्च आत्ता थांबवा.

बल्ब आणि मागची अर्थिंगही (करंटची बॉडीतून परतीची वाट) या तक्रारीतून बाहेर. दोन्ही बाजूंचे बल्ब एका रात्रीत जात नाहीत, आणि टेल, ब्रेक, इंडिकेटर यांची अर्थ बहुतेक गाड्यांत होल्डरच्या एकाच पट्टीवरून जाते. ब्रेक लाइट झगझगीत लागतोय म्हणजे ती ठीक आहे.

एक गोष्ट आठवून पाहा: फ्यूज उडाला तेव्हा दिवे चालू होते की बंद? बंद असताना उडाला असेल तर शॉर्ट फ्यूज आणि स्विचच्या मधल्या तुकड्यात आहे, म्हणजे डॅशबोर्डखाली. दिवे चालू असतानाच उडत असेल तर स्विचच्या पुढच्या वायरींत. या एका उत्तरावर अर्धी गाडी उघडायची वाचते.

शोधायला मल्टीमीटरपेक्षा 21 वॅटचा बल्ब जास्त कामाचा. उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना हातभर लांबीच्या दोन वायरी डाग देऊन जोडा, दुसरी टोकं 21 वॅटच्या बल्बच्या होल्डरला. हा फ्यूज सॉकेटमध्ये बसवला की बल्ब त्या लाइनमध्ये ओळीत येतो. मग कितीही पक्का शॉर्ट झाला तरी पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो, काही जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. एक पथ्य: टेल, पार्किंग आणि प्लेटचे सगळे बल्ब आधी काढून ठेवा. नाहीतर त्यांच्यामुळेच टेस्ट बल्ब अर्धवट पेटेल आणि तुम्ही फसाल. सगळे काढून दिवे चालू केल्यावर टेस्ट बल्ब विझलेला किंवा जेमतेम लालसर दिसला पाहिजे, कारण मीटरचे दिवे अजून लाइनवर आहेत. पूर्ण पेटला तर शॉर्ट त्या क्षणी हजर आहे.

तुमचा शॉर्ट दोन दिवसांनी आला, म्हणजे तो हालचालीवर अवलंबून आहे. बल्ब समोर दिसेल असा ठेवा, शक्यतो कोणाला तरी बघायला बसवा आणि वायरिंग एकेका जागी हलवत जा. ज्या जागी हात लावताच बल्ब भगभगीत पेटतो ती जागा सापडली.

पहिली जागा: डिकीच्या दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी. प्लेटच्या दिव्याची वायर हॅचबॅकमध्ये तिथून दारात जाते. दार दर वेळी उघडताना ती वायर एकाच ठिकाणी वाकते, वर्षानुवर्षांनी वरचं प्लास्टिक तडकतं आणि उघडी तांब्याची तार बॉडीच्या भोकाच्या कडेला घासते. रबराची दोन्ही टोकं बॉडीतून ओढून काढा आणि आतल्या वायरी एकेक करून बोटांनी वाकवून बघा. बाहेरून धड दिसणारी वायरही आत तुटलेली असते. हलकं ओढल्यावर प्लास्टिक रबरासारखं ताणलं गेलं तर आतली तार गेली असं समजा. डिकी उघडून बंद केल्यावरच फ्यूज उडत असेल तर बाकी कुठे न बघता इथूनच सुरुवात करा.

दुसरी जागा स्टिरिओच्या मागे, आणि इकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला दिव्यांसाठी एक वायर असते, बहुतेक संचांत नारिंगी. दिवे लावल्यावर स्टिरिओची बटणं उजळावीत म्हणून ती टेल लॅम्पच्या लाइनला जोडतात. जोडली नाही तर गाडीच्या बाजूची टेल लाइनची वायर टेप गुंडाळून नुसती सोडून दिलेली असते. उन्हात गाडीच्या आतल्या उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो, टोक उघडं पडतं आणि स्टिरिओच्या पत्र्याच्या फ्रेमला लागतं. खड्ड्यात गाडी आपटल्यावर टेलचा फ्यूज उडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. लायटरच्या सॉकेटभोवतीचा बारीक बल्ब, रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी मागच्या वायरीत मारलेले चिमटा जोड, बाहेरून लावलेली टो हुकची वायरिंग हीसुद्धा याच लाइनवरची उपरी जोडणी. कंपनीने न केलेला प्रत्येक जोड संशयित धरा.

हे झाल्यावर मागच्या सीटचे बोल्ट, दाराच्या उंबऱ्याखालची पट्टी आणि डिकीतला डावा-उजवा कोपरा पाहा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बहुतेक सीटखाली किंवा इंजिनाच्या बाजूला सापडतात. जागा कळत नसेल तर कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) सोडवत जा: डिकीतला कपलर काढल्यावर टेस्ट बल्ब विझला तर दोष त्याच्या मागे दिव्यांकडे, नाही विझला तर पुढे फ्यूजकडे.

दुरुस्तीत एकच गोष्ट सांभाळायची: जोड रबरी नळीच्या आत येता कामा नये. तुटलेल्या जागी नुसता डाग दिला तर तिथली तार ताठ होते आणि काही महिन्यांत डागाच्या कडेलाच तुटते. दीड वीत नवी, बारीक तारांची मऊ 0.75 चौरस मिलीमीटर वायर घ्या. दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक बॉडीत आणि एक दारात येतील असं बसवा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. एक वायर तडकली असेल तर शेजारच्याही त्याच वयाच्या आहेत, त्याच वेळी सगळ्या बदला.

या विषयावर शोधत येणाऱ्यांची तक्रार तुमच्यासारखीच असेल असं नाही, म्हणून बाकीच्या खुणाही लिहितो.

फक्त एका बाजूचा टेल बंद आणि ब्रेक चालू असेल तर बल्ब काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो पी 21/5 डब्ल्यू असतो: आत दोन फिलामेंट, 21 वॅटची ब्रेकसाठी, 5 वॅटची टेलसाठी. टेलची बारीक फिलामेंट गेली तरी ब्रेकची शाबूत राहते. बल्ब ठीक असेल तर होल्डरमधले पितळी ठिपके हिरवट पडलेत का, दबून आत गेलेत का, ते पाहा. काही गाड्यांत डाव्या-उजव्या टेलला वेगळे फ्यूजही असतात.

घाईत चुकीचा बल्ब टाकला तर विचित्र प्रकार दिसतात. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या पिना वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच दिशेने बसतो. तिथे एका फिलामेंटचा पी 21 डब्ल्यू दाबून बसवला की त्याचा तळाचा एकच मोठा ठिपका होल्डरमधल्या दोन्ही टोकांना लागतो. मग ब्रेक दाबला की मीटरचे दिवे लागतात, किंवा दिवे लावले की ब्रेक लाइट कायम पेटलेला राहतो. लोक वायरिंग उकलत बसतात, आणि दोष असतो छोट्याशा बल्बचा.

ब्रेक दाबल्यावर टेल मंद होतो, इंडिकेटरबरोबर टेलही लुकलुकतो, सगळंच अंधूक जळतं: ही अर्थिंगची खूण. अर्थ मिळाली नाही की करंट शेजारच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन परतीची वाट शोधतो. इथे नुसता मल्टीमीटर चकवतो, कारण भार नसताना एका तारेवर लटकलेली वायरही पूर्ण 12 व्होल्ट दाखवते. सगळे बल्ब जागेवर ठेवा, दिवे लावून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि होल्डरची अर्थची पट्टी व स्वच्छ खरवडलेली बॉडी यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. 0.2 पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थचा बोल्ट शोधा, बहुतेक तो डिकीच्या आतल्या पॅनेलमागे 10 च्या पान्याचा असतो. सोडवून पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. कोकणात आणि किनारपट्टीवर हा बोल्ट सर्वात आधी बघावा. लॅम्पच्या काचेत पाणी साचत असेल तर मागचं रबरी गास्केट बदलल्याशिवाय होल्डर साफ करून उपयोग नाही.

एलईडीचे टेल लॅम्प आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांत वर सांगितलेला 21 वॅटचा बल्ब वापरू नका. तिथे मॉड्यूल स्वतः करंट मोजतं आणि शॉर्ट दिसला की लाइन बंद करतं; फ्यूज शाबूत आणि दिवा बंद असं चित्र दिसतं. आधी गॅरेजमधल्या स्कॅनरने मॉड्यूलमधला बिघाडाचा कोड वाचून घ्या. एक एलईडी पट्टी अर्धीच लागत असेल तर मात्र दोष बहुतेक लॅम्पच्या आतल्या सर्किटचाच.

दुरुस्ती होईपर्यंत रात्री गाडी काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 105 मागचा लाल दिवा 155 मीटरवरून आणि नंबर प्लेट 15 मीटरवरून दिसावी असं सांगतो, पण त्याहून मोठी भीती मागून येणाऱ्या ट्रकची आहे. हजार्ड लावून चालवणं हा उपाय नव्हे. त्यात वळण्याचा इशारा हरवतो. ज्यांच्या गाडीला पुढे डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे दिवे) आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावं की पुढे उजेड दिसतो म्हणून मागचे लागलेत असं नसतं, अनेक गाड्यांत डीआरएलवर टेल लॅम्प बंदच राहतात.

तुम्ही आधी डिकीचं रबर आणि स्टिरिओची नारिंगी वायर, एवढंच बघा. दोन्हीकडे काही मिळालं नाही तर फ्यूज उडाला तेव्हा दिवे चालू होते का, डिकी उघडली होती का आणि स्टिरिओ कंपनीचाच आहे का, ते इथेच लिहा.