केमोनंतर धाप लागते, पावसावर ढकलू नका

ताई, तुम्ही लिहिलंत की सासूबाईंना अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही केमोची दोन औषधं चालू आहेत, चौथ्या डोसनंतर कोरडा खोकला आणि चालताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात खानापूरचा पाऊस बाधला. मी केमोच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स होते, म्हणून कळकळीनं सांगते, पुढच्या डोसच्या तारखेपर्यंत थांबू नका. उद्याच दाखवा.

धापेमागची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा न्यूमोनिया गाठतो. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर धाप एकदम लागते, कधी आधी एकच पाय सुजलेला असतो. छातीत पाणी झालं असेल तर आडवं पडवत नाही. चौथं कारण म्हणजे औषधानंच फुप्फुसाला आलेली सूज. पॅक्लिटॅक्सेलनं ती क्वचित येते, पण येते. कोरडा खोकला, बारीक ताप, आणि सुरुवातीला साधा एक्स-रे साफ दिसू शकतो, म्हणून डॉक्टर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईनं केलेला सीटी स्कॅन, सांगतात. औषधाची सूज ठरली तर ते औषध थांबवून स्टिरॉइड देतात. पण जंतुसंसर्ग असेल तर तेच स्टिरॉइड घात करू शकतं. मेडिकलमधून आणून गोळ्या अजिबात देऊ नका.

निपाणीकडच्या बिड्या वळणाऱ्या बायकांचा खोकला 'तंबाखूचाच' म्हणून सोडून दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. जुना खोकला असला तरी केमोनंतर त्यात काय बदललं ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. टीबीसाठी थुंकी तपासायची का, तेही विचारा.

घरी ऑक्सिमीटर असेल तर आधी बसवून आकडा बघा, मग सोप्यात थोडं चालवून. 94 च्या खाली असेल किंवा चालल्यावर चार अंकांनी उतरला, तर त्याच दिवशी दवाखाना. ताप 100.4 झाला तर रात्र असली तरी निघा.

आणि फाईल! आपल्याकडचे कितीतरी लोक केमो मिरजेला किंवा कोल्हापूरला घेतात आणि धाप लागली की बेळगावच्या कॅज्युअल्टीत येतात. तिथं 'कॅन्सरचं सलाईन चालू आहे' एवढंच सांगितलं जातं. डिस्चार्ज कार्डाचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख दिसली पाहिजे. तरुण मुलींना काही गाठींसाठी ब्लिओमायसिन हे केमोचं औषध देतात. त्यांनी तर पुढं कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला ते सांगितलंच पाहिजे, कारण जास्त ऑक्सिजननं त्यांच्या फुप्फुसाला इजा होऊ शकते.

डोस लांबेल म्हणून सासूबाई खोकला लपवत असतील तर त्यांना समजवा. एक औषध थांबलं म्हणजे उपचार संपले असं नाही, कॅन्सरचे डॉक्टर दुसरं औषध बसवू शकतात.