जेष्ठमधात ‘ज्येष्ठ’ कोणी नाही

सांगलीच्या एका वाचकाने विचारले आहे की, गणपती पेठेत घेतलेल्या पुडीवरचे ‘ज्येष्ठमध घशातील विषाणूंचा नाश करते’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि या नावातला मध कोणता.

‘ज्येष्ठमध’ हे रूप शुद्ध म्हणून छापलेले दिसले की मला चीड येते. मूळ शब्द यष्टिमधु. यष्टि म्हणजे काठी. अंगयष्टी, शरीरयष्टी यांत तीच आहे, आणि प्राकृत ‘लट्ठि’वरून आलेली लाठीही तिचीच लेक. मधु म्हणजे येथे गोड, मधमाशीचा मध नव्हे. पिवळट, चिवट धाग्यांची ती काडी दाढेखाली धरावी, म्हणजे नाव किती नेमके आहे ते कळते.

आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ आपल्याकडे सर्रास होतो: यात्रेची जत्रा, योग्याचा जोगी, यंत्राचे जाते. ‘अ’चा ‘ए’ का झाला, याविषयी माझे मत असे की, शय्येची शेज आणि वल्लीची वेल करणाऱ्या जिभेनेच यष्टीची जेठी केली. गुजरातीत आजही ‘जेठीमध’च म्हणतात. पुढे जेठ महिन्याचे मूळ ज्येष्ठ, म्हणून या जेठीचेही तेच, असे समजून शुद्धीच्या हौसेने ‘ज्ये’ चिकटवला गेला. ‘गोड पदार्थांत ज्येष्ठ’ अशी फोड करणाऱ्या जाणकारांनी ग्रीक नाव पाहावे: ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड आणि ‘ऱ्हिझा’ म्हणजे मूळ, त्यावरून वनस्पतिशास्त्रातले ‘ग्लिसिऱ्हायझा’. तेथेही मुळी आणि गोडी एवढेच आहे, वडीलकी कोठेही नाही. म्हणून ‘जेष्ठमध’ लिहावे, नाहीतर सरळ ‘यष्टिमधु’.

आता पुडीवरचे ‘विषाणू’. या मुळीतल्या द्रव्यांपैकी साखरेच्या सुमारे 50 पट गोड असलेले ग्लिसिऱ्हायझिन वेगळे आणि ग्लॅब्रिडिन वेगळे. हे दुसरे द्रव्य प्रयोगशाळेत काही ग्राम-पॉझिटिव्ह (ग्रामच्या रंगचाचणीत जांभळ्या दिसणाऱ्या) जिवाणूंची वाढ रोखते. घसा सुजवणारा, साखळीने वाढणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस त्याच गटातला असला, तरी तो जिवाणू आहे, विषाणू नव्हे. शिवाय काचेच्या बशीत वाढ रोखणे म्हणजे माणसाच्या घशातला संसर्ग बरा करणे नव्हे, आणि त्या संसर्गावर उपचार पेनिसिलिनसारख्या प्रतिजैविकाचाच करावा लागतो. तेव्हा त्या वाक्यात ‘ज्येष्ठमध’, ‘विषाणू’ आणि ‘नाश’ हे तिन्ही शब्द चुकलेले आहेत.