पहिल्या मूटला बसण्याआधी

अगं, मूट म्हणजे लॉ कॉलेजातली लुटुपुटूच्या खटल्याची स्पर्धा. तिचा मूट प्रॉब्लेम, म्हणजे काल्पनिक खटल्याची हकिकत, हातात आल्याबरोबर सर्च बॉक्सकडे धावू नकोस. आधी तो कागदावर तीनदा वाच, तारखांखाली रेघ मार.

निकाल शोधायला ‘इंडियन कानून’ ही वेबसाइट पुरते, फुकटही आहे. पण तिथला मजकूर थेट मेमोरियलमध्ये, म्हणजे आपल्या लेखी युक्तिवादात, चिकटवू नकोस; परिच्छेद क्रमांक सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवरच्या पीडीएफशी ताडून घे. तेही मोफतच. कलमाचा नेमका मजकूर हवा तर ‘इंडिया कोड’ ही कायद्यांची सरकारी वेबसाइट. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र हे निकालांचे पैसे भरून वापरायचे डेटाबेस कॉलेजकडे असतीलच, लायब्ररीवाल्या सरांकडून लॉगिन आजच माग. शेवटच्या आठवड्यात सगळेच मागतात.

आता माझी फजिती ऐक. खाजगीपणाच्या मुद्द्यावर मी खडक सिंग निकालातलं, 1962 चं, एक वाक्य मोठ्या तोऱ्यात वाचलं. जजनी चष्मा वर केला, ‘काउन्सेल, हा भाग अजून कायदा आहे?’ 2017 मध्ये पुट्टास्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी तो रद्द ठरवला होता. माझी बोबडीच वळली. तेव्हापासून निकाल उघडला की आधी ‘साइटेड बाय’वर, म्हणजे त्याचा उल्लेख करणाऱ्या नंतरच्या निकालांच्या यादीवर, जाते आणि यादी नव्याकडून जुन्याकडे वाचते.

बोलायचं शिकायला यूट्यूबवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी बघ, सप्टेंबर 2022 पासून थेट दाखवतात. न्यायमूर्तींनी मध्येच अडवलं की चांगला वकील वाक्य अर्धं सोडतो आणि आधी उत्तर देतो. तेवढंच बघ. मूट फायनलचे व्हिडिओ मला तरी फार पाठ केल्यासारखे वाटतात.