मुलगी साडेनऊची आहे, मग आत्ताच सांगा

तुम्ही लिहिलंय की लेकीच्या छातीत एकाच बाजूला गाठ लागते, घामाला वास यायला लागलाय, आणि सासूबाई म्हणतात, ‘एवढ्यात कशाला? सातवीत गेली की शाळेत सांगतील.’ आधी गाठीचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसतेय.

स्तनांची वाढ सुरू होते तेव्हा बोंडाच्या मागे छोट्या नाण्याएवढी टणक चकती लागते. बऱ्याचदा ती आधी एकाच बाजूला येते, दुसरी काही महिन्यांनी. धक्का लागला की दुखते. आठ ते तेरा या वयात कधीही हे सुरू होऊ शकतं. आठच्या आत झालं असतं, किंवा जागा लाल, गरम झाली असती, बोंडातून पाणी येत असतं, तर डॉक्टरांकडे न्या म्हटलं असतं. रोज दाबून मात्र बघू नका, पोर घाबरते. आत सुती शमीज घालायला द्या.

आता सासूबाईंचा मुद्दा. ही गाठ दिसल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, काहींना त्याआधीही. म्हणजे तुमची लेक सहावीच्या वर्गात बसलेली असू शकते. त्याआधी काही महिने चड्डीला पांढरट डाग लागतात, तेही तिला माहीत हवं, नाहीतर आजार समजून लपवत बसेल.

शाळेवर विसंबू नका, हे मी शाळेत शिकवलेली बाई म्हणून सांगते. जाहिरातीतलं निळं पाणी सगळ्या मुलींना पाठ असतं, पण पॅडची चिकट बाजू अंगाकडे की चड्डीकडे, हे विचारलं की वर्ग गप्प! म्हणून एक पॅड तिच्या हातात द्या. मागची पट्टी तिलाच सोलू द्या, चड्डीवर चिकटवू द्या, पंख खाली दुमडू द्या. चार-सहा तासांनी बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, कमोडमध्ये कधीच नाही. डाग गार पाण्याने धुवायचे, गरम पाण्याने पक्के बसतात. दप्तरात एक पाऊच ठेवा: दोन पॅड, एक चड्डी, जुना पेपर. पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, हेही आधीच सांगून ठेवा.

घामाचं म्हणाल तर अंघोळ कमी पडत नाहीये. काखेतल्या ठरावीक घामग्रंथी याच वयात जाग्या होतात आणि त्या घामावर जंतू वाढले की वास येतो. साबण लावून काख धुवायची, नीट कोरडी करायची, खेळून आल्यावर कपडे बदलायचे. डिओ हा धुण्याला पर्याय नाही. खालच्या जागेला बाहेरून साधं पाणी पुरे, आत साबण नको. पुसायचं पुढून मागे. आणि चड्ड्या टॉवेलखाली लपवून वाळत घालणं बंद करा. दमट कपड्याने जांघेत खाज सुटते आणि पोरीला वाटतं आपलंच काहीतरी घाण आहे.

धाकट्या मुलाबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. त्यालाही बसवून सांगा. मुलग्यांचं वयात येणं नऊ ते चौदाच्या दरम्यान सुरू होतं. त्यातल्या बऱ्याच जणांची छाती थोडी सुजते, ती बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप बसते, पण तोवर पोरं शर्ट काढायला लाजतात. झोपेत वीर्य येऊन चड्डी ओली होणं, आवाज फाटणं, हे बाबांनी आधीच सांगावं. लहानपणी शिश्नावरची कातडी कुणी जबरदस्तीने मागे ओढू नये, अगदी ‘स्वच्छतेसाठी’सुद्धा. आणि ताईच्या पाळीची त्याने चेष्टा करायची नाही, हे तिला पाळी येण्याआधी ठरलेलं बरं.

सासूबाईंना बाहेर ठेवू नका. कापडाच्या घड्या वापरायच्या दिवसांतलं त्यांनी नातीला जरूर सांगावं. बाजूला बसवायचं की नाही, हे मात्र तुम्ही नवराबायकोने आत्ताच ठरवा आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा. ऐन वेळी स्वयंपाकघराच्या दारात वाद नको, पोरगी ऐकत असते.