पहिलं मोठं वॉरबर्ड? स्पिटफायर नको

भाऊ, रिमोटवर उडणारं वॉरबर्ड, म्हणजे जुन्या लढाऊ विमानाचं मॉडेल करायचं म्हटलं की दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर कोणाला आवडत नाही? पण पहिलं मोठं मॉडेल त्याच काळातल्या हरिकेन विमानाचंच करा. स्पिटफायरची चाकं जवळजवळ, त्यात आपलं काळं रान. उतरताना एक ढेकूळ लागलं की पंखाचं टोक जमिनीला. हरिकेनची चाकं ऐसपैस. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १२.१९ मीटर, म्हणजे एक-पंचमांश केलं तरी जवळजवळ अडीच मीटर. गाडीत मावेल का, ते आधी मोजा.

शेपूट हलकी ठेवा. नाक आखूड, म्हणून मागे एक ग्रॅम वाढला की पुढे दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. मागच्या सांध्यांवर एपॉक्सीचा जड गोंद थापू नका, पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) पुरे. गुरुत्वमध्य प्लॅनवर दाखवलाय तिथे किंवा किंचित पुढे. मागे अजिबात नाही.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला टेकतो. हवा विरळ, धाव लांब, मॉडेलवर ताणलेल्या प्लास्टिक फिल्मला सुरकुत्या, आणि बंद गाडीतली लिपो बॅटरी फुगलीच समजा. उन्हं चढायच्या आत उरका. वळताना वेग पडू देऊ नका. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर कुठे उडवता येतं त्याचा नकाशा बघा, जळगावला विमानतळ आहे. आणि मॉडेल केळीच्या बागेत पडलं तर शेतमालकाला विचारूनच आत शिरा.