फ्लॅट विकायच्या आधी एमएमआर रिपोर्ट बघा

ताई, तुम्ही विचारलंय: वडिलांचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, डॉक्टर केमो म्हणतायत आणि चुलतभाऊ म्हणतो फ्लॅट विका पण इम्युनोथेरपीच (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध चेतवणारं औषध) द्या. फ्लॅटचं राहू द्या. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एमएमआर किंवा एमएसआय तपासणी (गाठीतली डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का, हे दोन्ही सांगतात) आहे का, ते आधी बघा.

नसेल तर नवी बायोप्सी सहसा लागत नाही. आधीच्या बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये लॅबकडे जपलेला असतो, त्यावरच होते. एमएमआरच्या रिपोर्टमध्ये चार नावं येतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन्स. एखाद्यासमोर 'लॉस' (म्हणजे ते प्रोटीन गाठीत नाही) लिहिलं असेल, तर गाठीत चुका साठत जातात, मुद्रितशोधक रजेवर गेलेल्या छापखान्यासारख्या. अशी गाठ प्रतिकारशक्तीला परकी म्हणून ओळखता येते, म्हणून पेम्ब्रोलिझुमॅबसारखं (थोडक्यात पेम्ब्रो) इम्युनोथेरपीचं औषध तिथे चालतं. २०२० मध्ये आलेल्या कीनोट-१७७ चाचणीत अशा ३०७ रुग्णांत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ केमोवर ८.२ महिने होता, पेम्ब्रोवर १६.५. तरी साधारण २९ टक्के लोकांत पेम्ब्रो देऊनही आजार वाढतच गेला. चुलतभावाला हा आकडाही सांगा.

चौथ्या स्टेजला असा 'लॉस' शंभरात चार-पाच जणांतच सापडतो. चारही प्रोटीन्स 'इंटॅक्ट' म्हणजे शाबूत असतील, तर फार थोडे अपवाद सोडता नुसत्या इम्युनोथेरपीचा उपयोग होत नाही, आणि डॉक्टर केमो म्हणतात ते बरोबरच आहे. ते तुम्हाला जुनंपुराणं गळ्यात मारत नाहीयेत. वर्तमानपत्रात गाजलेली 'सगळे बरे झाले' ही २०२२ ची न्यूयॉर्कची बातमी दोस्टारलिमॅब या दुसऱ्या इम्युनोथेरपी औषधाची, गुदाशयाच्या कॅन्सरची, न पसरलेल्या आजाराची आणि एमएमआर बिघडलेल्याच रुग्णांची होती. ती तुमच्या केसला लावू नका.

'लॉस' निघाला आणि औषध सुरू झालं, तर एक लक्षात ठेवा. आमच्या घरी या औषधाचं सलाइन अर्ध्या तासात संपायचं, केस गेले नाहीत, त्यामुळे सगळ्यांना वाटलं हे सोपं आहे. पण जुलाब लागले तर घरच्या घरी गोळी देऊन थांबवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. चेतवलेली प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटलेली असू शकते, मग स्टेरॉइड लागतात. दम लागणं, डोळे पिवळे होणं, यालाही तोच नियम. थायरॉइडची तपासणी मधूनमधून करतातच.

आणि 'लॉस' असेल तर लिंच सिंड्रोमचं (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) विचारून घ्या. तो निघाला, तर तुम्हा भावंडांचीही तपासणी करावी लागेल.